शरभाला पाय किती?

चिंचपोकळी

मंडळी, तीन आठवडे झाले, एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. घरी विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं. आता इथे धागा काढतोय.

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला जंजिरा दाखवायला नेलं होतं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटीने अलिबाग, मुरुड, आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ला. लेक अकरा वर्षांची आहे. अद्भुतकथा वाचण्याचा तिला भयंकर नाद. ग्रिफिन म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड, कायमेरा म्हणजे पुढून सिंह, मधे बकरी आणि मागे साप, हे तिला तोंडपाठ. होडीत मी जरा फुशारकीने सांगितलं, "आपल्याकडेही असा प्राणी आहे, शरभ. सिंहाहून बलवान, आठ पायांचा. आता किल्ल्याच्या दरवाज्यावर दाखवतो."

दरवाज्याशी पोचलो. तिथलं शिल्प तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, वाघासारखा प्राणी आणि त्याच्या पंज्यांत पकडलेले इवलेसे हत्ती. होडीवाल्या काकांनी सांगितलं, वाघ म्हणजे सिद्दी आणि हत्ती म्हणजे त्याचे शत्रू. लेक शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, पाय चारच आहेत."

मी मोजले. चारच.

घरी आल्यावर जुने फोटो काढून बसलो. आठ पाय कुठेच नाहीत. मग आठ पायांचं मी कुठून ऐकलं? मी चुकीचं सांगितलं की शिल्पकाराने चुकीचं कोरलं? जाणकारांनी कृपया लिहावं. लेकीला नीट उत्तर द्यायचं आहे, वेळ मारून नेणारं नको.

दुर्गभ्रमर

चांगला धागा. माझी गेली वीस वर्षं किल्ल्यांवर गेली, त्यामुळे दगडावर जे दिसतं तेवढ्यापुरतं लिहितो.

शिवनेरीच्या वाटेवरचे दरवाजे, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, जंजिरा... अशा ठिकाणी जे शिल्प असतं त्याला आपण सगळे किल्लेवाले सरसकट 'शरभ' म्हणतो. मी पाहिलेल्यांपैकी एकालाही आठ पाय नाहीत. काहींच्या खांद्याशी पंखासारखं काही असतं, काहींची शेपटी पाठीवर वळलेली असते, जबडा नेहमी उघडा. आणि पायाखाली किंवा पंज्यात हत्ती, कधी एक, कधी बरेच.

माझी शंका अशी. पुराणातला शरभ सिंहाला मारतो, तीच त्याची ओळख. मग किल्ल्यावरचा शरभ हत्ती का दाबतोय? हत्तीचा वैरी सिंह. आपल्या सगळ्या जुन्या काव्यांत हत्तीचं गंडस्थळ सिंहच फोडतो. म्हणजे वागणुकीवरून पाहिलं तर दरवाज्यावरचा प्राणी सिंहाच्याच जातीचा निघतो. देवळांच्या भिंतींवर अशाच प्राण्याला व्याल किंवा शार्दूल म्हणतात. 'शरभ' हे नाव बहुधा आपण मागाहून चिकटवलंय, आणि ते इतकं पक्कं बसलंय की आता निघणार नाही.

या बाबतीत सगळ्यात बोलका दरवाजा गाविलगडाचा, मेळघाटात. मुंबईहून लांब पडतो म्हणून आपली मंडळी तिकडे कमी जातात, पण एकदा जाच. दरवाज्यावर हत्ती धरलेले सिंहासारखे प्राणी आहेत, शिवाय गंडभेरुंडही आहे, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, चोचींत आणि नख्यांत हत्ती घेतलेला. किल्ला वऱ्हाडच्या इमादशाहीचा. इमादशाहीचा संस्थापक फत्तुल्ला इमादउल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी, लहानपणी युद्धात पकडला गेलेला, असं इतिहासकार फरिश्त्याने लिहून ठेवलंय. आणि विजयनगरच्या अच्युतरायाच्या (राज्यकाळ १५२९ ते १५४२) सोन्याच्या नाण्यांवर हाच पक्षी आहे, तसेच हत्ती धरलेला. मुसलमान सुलतानाच्या दरवाज्यावर हा पक्षी कुठून आला, असं लोक विचारतात. मला तरी वाटतं, माणूस मुलूख बदलतो, धर्म बदलतो, पण लहानपणी पाहिलेली बळाची खूण सोडत नाही. हा माझा तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्यावा.

पारलेकर आजी

मी चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. प्रश्न पाहून राहवलं नाही. टंकायला वेळ लागतो, म्हणून सावकाश लिहिते.

चिंचपोकळी, तुम्ही लेकीला चुकीचं सांगितलेलं नाही. महाभारताच्या शांतिपर्वात शरभ आठ पायांचाच आहे. पण त्याआधी आणि त्याच्या आजूबाजूला शरभाची बरीच रूपं आहेत. पाली जातकांत, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, शरभ हे एक हरीण आहे, तेही चांगल्या मनाचं. बोधिसत्त्वच त्या जन्मी शरभ होतो, आणि त्याची शिकार करायला आलेला राजा खड्ड्यात पडतो तेव्हा त्याला बाहेर काढतो. रामायणात शरभ नावाचा एक वानरवीर आहे. कालिदासाच्या मेघदूतातले शरभ हिमालयात राहतात. यक्ष मेघाला सांगतो, हे शरभ तुला ओलांडायला रागारागाने उड्या मारतील आणि स्वतःचेच हातपाय मोडून घेतील, तू गारांचा मारा करून त्यांना पांगव. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी कड्यावरून उडी घेणारं एखादं रानटी बोकड येतं, राक्षस काही येत नाही. म्हणजे मुळात हा डोंगरातला कुणी खराखुरा, उड्या मारणारा प्राणी असावा. खूप जोरात धावणाऱ्या जनावराचे पाय डोळ्यांना दुप्पट दिसतात. आठ पायांची सुरुवात तिथून झाली असेल का, असं मला कधी कधी वाटतं. याला पुरावा काही नाही.

आता शांतिपर्वातली गोष्ट. ती या धाग्याला हवीच.

एका ऋषींच्या आश्रमात एक कुत्रा होता. फळंमुळं खाऊन राहायचा, ऋषींवर फार जीव. एकदा बिबट्या त्याच्यावर आला. ऋषींनी कुत्र्याचा बिबट्या केला. मग वाघ आला, तेव्हा त्याचा वाघ केला. हत्ती आला, हत्ती केला. सिंह आला, सिंह केला. शेवटी सिंहाला मारणारा आठ पायांचा शरभ आला, तेव्हा ऋषींनी त्याला शरभ केला. त्याच्यावर चाल करून येईल असं कुणी रानात उरलंच नाही. एकेक करून सगळे प्राणी पळून गेले. मग या शरभाच्या मनात आलं, आता ऋषींनाच खावं. ऋषींनी ते तपोबलाने ओळखलं आणि त्याला पुन्हा कुत्रा करून टाकलं.

या गोष्टीतला क्रम बघा. शरभ इथे शेवटची पायरी आहे. त्याला पंख आहेत का, सोंड आहे का, याच्याशी गोष्टीला काही देणंघेणं नाही. तो 'सिंहाच्या वरचा' आहे, एवढं पुरेसं आहे. दुर्गभ्रमर म्हणतात तसं नाव मागाहून चिकटवलेलं असू शकेल, पण मला ते चुकीचं वाटत नाही. शरभ हे जितकं एका प्राण्याचं नाव आहे, तितकंच ते एका जागेचं आहे. सिंहाच्या वर ज्याला बसवायचं तो शरभ. म्हणून त्याचं शरीर दर ठिकाणी निराळं.

पुढे शिवपुराणात आणि लिंगपुराणात हेच होतं. हिरण्यकशिपूला मारल्यावर नृसिंहाचा क्रोध शमेना, म्हणून शिवाने शरभरूप घेऊन तो शमवला. नृसिंह अर्धा सिंह, तेव्हा त्याला आवरणारा कोण? सिंहाच्या वरचा. पंख, चोच, सगळं त्या रूपात आलं. तंजावरकडे दारासुरमच्या बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिरात या रूपाची मूर्ती आहे. मी १९८८ साली पाहिली. समोरून हलवेना मला.

नीराकाठ

आजी, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचं. नीरा-भीमेच्या संगमावर देऊळ आहे, लग्नानंतर पहिल्यांदा तिथेच गेले. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत देव्हाऱ्यात नृसिंहच आहे. शरभाची ही गोष्ट आमच्या घरात कधी कुणी सांगितली नाही. आजेसासूबाई सांगायच्या ती भागवतातली. देवांना, ब्रह्मदेवाला, खुद्द लक्ष्मीलाही जवळ जायचं धाडस झालं नाही, मग लहानगा प्रल्हाद पुढे गेला, पाया पडला, त्याने स्तुती केली, आणि देव शांत झाले. राग एका पोराच्या बोलण्याने उतरला. मला ही गोष्ट जास्त खरी वाटते. दोन मुलांची आई आहे म्हणून असेल.

वैष्णवांकडे या शरभाला उत्तर म्हणून नृसिंहाने गंडभेरुंड रूप घेतलं, अशी कथा आहे असंही ऐकलंय. मला भांडायचं नाही. फक्त वाचणाऱ्यांत आमच्यासारखेही आहेत, एवढं लक्षात असू द्या.

पारलेकर आजी

नीराकाठ, बरं झालं लिहिलंत. भागवतातली गोष्ट मलाही प्रिय आहे. आणि तुम्ही म्हणता ते गंडभेरुंडाचं रूप म्हणजे त्या शिडीला मारलेली आणखी एक पायरी. शैवांनी सिंहावर शरभ ठेवला, वैष्णवांनी शरभावर गंडभेरुंड. वाद माणसांचा होता, पाय आणि पंख प्राण्यांना फुटत गेले. शिमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावीला १०४७ सालचा एक उंच स्तंभ आहे, त्यावर गंडभेरुंड आहे. तिथे त्याला माणसाचं धड आणि पक्ष्याची दोन डोकी आहेत. म्हणजे हा पक्षीही एका शरीरात टिकला नाही.

तुमच्या नृसिंहाकडे मात्र मी निराळ्या नजरेने बघते. बाकीच्या मिश्र प्राण्यांत बळ वाढावं म्हणून अवयव जोडलेत. नृसिंहात ते हिरण्यकशिपूला मिळालेला वर मोडून काढण्यासाठी जोडलेत. माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. त्या वराला पळवाट ठेवायची नाही म्हणून ते रूप. माझ्या मते आपल्या सगळ्या परंपरेत इतका चोख विचार करून घडवलेला दुसरा मिश्र देह नाही.

टाकीचे घाव

मी शिल्पकलेचा माणूस. जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकलो, आता भांडुपला छोटी कार्यशाळा आहे. पायांबद्दल मला दगडाच्या बाजूने बोलायचंय.

किल्ल्याच्या दरवाज्यावरचं शिल्प म्हणजे उठावाचं काम. प्राणी बाजूने दाखवायचा, दगड आपला काळा बेसाल्ट, टाकी लवकर बोथट होते, आणि जागा हातभर. त्यात आठ पाय कोरले तर खालून बघणाऱ्याला दोन प्राणी एकामागे एक उभे असल्यासारखे दिसतील. लांबून वर बघणाऱ्या माणसाला एका क्षणात काय कळलं पाहिजे? जबडा, पंजा, हत्ती. पाथरवटाने चार पाय कमी केले नाहीत, त्याने हत्ती लहान केले. मोठेपणा दाखवायला पाय वाढवण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी पक्की. मांजराएवढे हत्ती पाहिले की वरचा प्राणी डोंगराएवढा आपोआप होतो.

पायांचा हिशेब दगडात कसा बदलतो याचं सगळ्यात सुंदर उदाहरण असीरियाचं. तिथे राजवाड्याच्या दाराशी लामासू असायचे, माणसाचं दाढीवालं तोंड, बैलाचं धड, गरुडाचे पंख. जुन्या लामासूंना पाच पाय असतात! समोरून पाहिलं की दोन पायांवर स्थिर उभा, बाजूने पाहिलं की चार पायांनी चालतोय. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी नीट दिसावा म्हणून एक पाय जास्तीचा कोरला. म्हणजे पाच पाय हे त्या प्राण्याचं वर्णन नव्हेच, ती बघणाऱ्याची सोय आहे.

आणि लामासू बघायला इराकला जायला नको. फोर्टात बाजारगेटच्या बाजूला माणेकजी शेठ अग्यारी (पारश्यांचं देऊळ) आहे, तिच्या दाराशी दोन बसवलेत. पारश्यांनी ही रूपं इराणच्या आठवणीतून घेतली. पर्सेपोलिसच्या दरवाज्यावर असेच पंखवाले बैल आहेत. आत फक्त पारशी लोकांना जाता येतं, पण रस्त्यावरून शांतपणे बघायला काही हरकत नाही. लेकीला घेऊन जा. पुढे वाटेत सीएसएमटीही दाखवा. तिथल्या भिंतींवर जे प्राणी बाहेर झेपावलेत त्यांतले काही पावसाच्या पाण्याची पन्हळं आहेत, पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून तोंडातून लांब फेकायचं. तिथलं कोरीवकाम आमच्याच जेजेच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी केलं. आपल्या देवळांत हेच काम मकरमुखाकडे असतं. मकर म्हणजे तरी काय, मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाची शेपटी. घरच्या देव्हाऱ्यातली प्रभावळ बघा, दोन्ही बाजूंना मकर आणि वर मधोमध कीर्तिमुख, म्हणजे नुसतं उग्र तोंड, असेल.

जुलैतल्या मुसळधार पावसात त्या पन्हळांखाली एकदा उभं राहावं. मी विद्यार्थी असताना राहायचो. दगड काम करताना दिसतो.

फासे आणि पट

हा धागा वाचून अंगावर काटा आला. आम्ही पाच जण दर शनिवारी ठाण्यात एका मित्राच्या घरी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला कथाखेळ, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे पात्रं होतात, फासे टाकायचे. त्यात 'मॅन्टिकोर' नावाचा राक्षस आहे. माणसाचं तोंड, सिंहाचं धड, शेपटीतून काटे फेकतो. गेली सहा वर्षं आम्ही त्याला मारतोय, आणि मला तो पक्का युरोपातला वाटायचा.

मग शोधायला बसलो. तो आपल्याकडचा आहे! म्हणजे आपल्या नावावर खपवलेला. टीसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या बादशहाच्या दरबारी होता, इसवीसनाच्या चारेकशे वर्षं आधी. तो स्वतः भारतात आला नाही, पण ऐकीव गोष्टींवरून भारतावर पुस्तक लिहिलं. त्यात हा प्राणी आहे, दातांच्या तीन रांगा, विंचवासारखी शेपटी, माणसं खातो. नावच मुळी जुन्या इराणी भाषेतलं, अर्थ 'माणूसखाऊ'. पुढे दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाच्या ग्रीक प्रवाशाने सरळ लिहून टाकलं, मला वाटतं हा वाघच असावा, भीतीपोटी लोकांनी बाकीचं जोडलं.

विचार करा. आपल्या रानातला वाघ इराणात गेला तेव्हा त्याला विंचवाची शेपटी फुटली, ग्रीसमध्ये गेला, तिथून युरोपातल्या मध्ययुगीन प्राणिग्रंथांत, तिथून अमेरिकेतल्या खेळात, आणि अडीच हजार वर्षांनी ठाण्यात एका टेबलावर परत आला. आणि आम्ही त्याला ओळखलंच नाही. पुढच्या शनिवारी गोष्ट सांगायची पाळी माझी आहे. मी शरभ आणणार. पायांची संख्या खेळणाऱ्यांनुसार बदलेल, आजींनी सांगितलेल्या शिडीसारखी.

माटुंगा पूर्व

'मैसूर सँडल' साबणाचं खोकं घरात असेल तर बघा. त्यावरचं चिन्ह शरभ आहे. धड सिंहाचं, तोंड हत्तीचं. इथेही पाय चार. मी लहानपणापासून त्याला नुसता हत्ती समजत होते.

दुर्गभ्रमर

माटुंगा पूर्व, धन्यवाद, हे माहीत नव्हतं. सिंह अधिक हत्ती. म्हणजे किल्ल्यावर जो हत्तीला दाबतो तोच साबणावर हत्तीचं तोंड लावून बसलाय. आजींचं म्हणणं पटायला लागलंय. आठ पाय असोत, चोच असो, नाहीतर सोंड, नाव जागेचं आहे. मी माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो, कारण कुठल्याही जुन्या शिलालेखात दरवाज्यावरच्या या प्राण्याचं नाव कोरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

सासर भुवनेश्वर

मी मूळची डोंबिवलीची, नवरा ओडिशाचा. आमच्याकडे 'नवगुंजर' आहे. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडिया महाभारत लिहिलं, त्यात तो येतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप. पाय तीनच प्राण्यांचे, हत्ती, वाघ आणि तिसरा घोड्याचा किंवा हरणाचा. चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, त्यात कमळ. सासूबाईंनी मला पहिल्यांदा पटचित्रात दाखवला, तेव्हा मी तासभर बघत बसले होते.

गोष्ट अशी. अर्जुन रानात तप करत असतो. हे ध्यान समोर येतं. तो धनुष्य उचलतो, बाण लावतो, आणि मग त्याला तो हात दिसतो. कमळ धरलेला माणसाचा हात. तो धनुष्य खाली ठेवतो आणि नमस्कार करतो. कृष्णच आलेला असतो.

नीराकाठताईंसाठी मुद्दाम लिहिलं. इथे कुणी कुणाला हरवत नाही. ओडिशाच्या गंजिफ्यात, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या खेळात, एका डावात नवगुंजर राजा असतो आणि अर्जुन वजीर. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यात जसे दशावतार, तसंच.

नीराकाठ

हात दिसल्यावर धनुष्य खाली ठेवलं... आज रात्री मुलांना हीच सांगणार. मनापासून आभार.

चिंचपोकळी

मंडळी, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल रात्री लेकीला आजींची शिडी सांगितली, टाकीचे घाव यांचे लहान हत्ती सांगितले, लामासूचे पाच पाय सांगितले. रविवारी फोर्टात जायचं ठरलंय, तिने वही काढून ठेवलीय, पाय मोजायचेत म्हणाली. जंजिऱ्याच्या शिल्पाचा फोटो तिने परत मागून घेतला, आणि या वेळी शरभाकडे पाहिलंच नाही, हत्ती मोजत बसली.

पण तिला एक गोष्ट अजिबात आवडलेली नाही. आजी, तुमच्यासाठी प्रश्न आहे, तिचेच शब्द लिहितो: "तो पुन्हा कुत्रा झाल्यावर ऋषींनी त्याला ठेवून घेतलं का? त्याचा आधी जीव होता ना त्यांच्यावर?"

पारलेकर आजी

नाही बाळा. महाभारतात ऋषींनी त्याला तपोवनातून हाकलून दिलं. भीष्म ही गोष्ट शरपंजरी पडल्या पडल्या युधिष्ठिराला सांगतात, राजाने कुणाला कुठल्या जागेवर नेमावं हे समजवायला. चाळीस वर्षांत मी ती वर्गात किती वेळा सांगितली असेन, आणि दर वेळी कुणीतरी एक मूल हेच विचारायचं. मला तो शेवट कधीच सांगवला नाही. मी म्हणायचे, घंटा झाली, पुढचं उद्या.